तिथला दिवस निम्मा सरला, तेव्हा तू चहा मागत होतीस

मेल तीनदा आलाय. पहिला रात्री ९:१०ला, दुसरा ९:१४ला, तिसरा ९:३१ला, तिन्ही अक्षर न् अक्षर सारखे, फक्त तिसऱ्यात शेवटी 'गेला का??' एवढं जास्त. तेवढ्यावरूनच मला तुझी अर्धी तब्येत कळली.

बाकीच्यांना कळावं म्हणून पत्र थोडक्यात सांगते. ही आपली वाचक ४३ वर्षांची, पुण्याची, चाकणच्या एका कंपनीत परचेसमध्ये आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या मागे लागून माल वेळेवर आणवणं हेच काम. डिसेंबरची सुट्टी काढून नवरा आणि सासरे यांच्याबरोबर अंदमानातल्या नील बेटावर गेलीय, ज्याचं नाव २०१८च्या डिसेंबरपासून शहीद द्वीप झालंय पण बोलताना सगळे अजून नीलच म्हणतात. सहा रात्री, एकच रिसॉर्ट. मुलगी दहावीत म्हणून तिला आजीकडे ठेवलंय. पत्र दुसऱ्या रात्री लिहिलंय. तक्रारी अशा: सुरमईची थाळी यायला ५० मिनिटं लागली आणि विचारायला गेलं तर पोरगा म्हणतो 'हो जाएगा दीदी'. दुपारी बाजारात गेलो तर अर्धी दुकानं बंद. संध्याकाळी पाचला अंधार, मग करायचं काय. नेटवर्क येतं जातं. नवरा झोपाळ्यावर आडवा पडून 'चिल कर गं' म्हणतो. सासरे पहाटे साडेचारला दार वाजवत बाहेर पडतात आणि सगळ्यांची झोपमोड करतात. आणि शेवटचं वाक्य तिचंच देते, 'ताई, सगळे म्हणतात इथे येऊन शांत वाटतं, मला मात्र कधी एकदा परत जाते असं झालंय, माझ्यातच काही बिघाड आहे का आणि उरलेले चार दिवस मी काढू कसे?'

बिघाड वगैरे काही नाही गं. पण एक विचारते, तू तिथे उठतेस किती वाजता? पत्रात लिहिलंयस, 'साडेआठला उठून आरामात चहा मागवला तर तो पण वीस मिनिटांनी.'

आता नकाशा डोळ्यांसमोर आण. नील बेट पुण्याच्या जवळजवळ १९ अंश पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे तिथला सूर्य तुझ्या पुण्याच्या सूर्यापेक्षा सव्वा तास पुढे चालतो, पण मनगटावरचं घड्याळ तेच, कारण आपल्या अख्ख्या देशाची वेळ एकच. हे विमानातून उतरताना कुणी सांगत नाही. परदेशात गेलो की आपण घड्याळ फिरवतो, डोक्याला कळतं की इथलं वेगळं आहे, पण अंदमानात घड्याळ फिरवावं लागत नाही म्हणून डोकं पण फिरत नाही, ते आपलं पुण्यातच राहतं. डिसेंबरात तिथे साडेपाचच्या आसपास सूर्य उगवतो, उजाडतं त्याच्याही आधी, आणि पाचच्या सुमाराला तो मावळून मोकळा. डोक्यावर सूर्य येतो तो सव्वाअकराच्या आसपास, पुण्यात त्याला साडेबारा वाजतात. म्हणजे तू साडेआठला 'आरामात' उठलीस ती पुण्याच्या उन्हाच्या हिशोबाने पावणेदहाला उठलीस. तोवर त्या बेटाची सकाळ संपत आली होती, कोळी समुद्रावरून आले होते, शेतातली भाजी जेटीवर पोचली होती, ज्यांना पोहायचं ते पोहून आले होते. मग तू बाहेर पडलीस अकराला, म्हणजे ऐन टळटळीत दुपारी, आणि म्हणतेस इथे काहीच चालू नाही.

आणि पुण्याच्या माणसाने दुपारी दुकानं बंद असतात अशी तक्रार करावी! एक ते चार. जाऊ दे, मी काही बोलत नाही.

मला सांगायचंय ते एवढंच की तिथले लोक संथ नाहीत, तू उशिरा पोचतेयस. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, 'इथल्या लोकांना कशाची घाईच नाही', ते मला जरा खटकलं म्हणून थांबते इथे. हे बेट वसवलं कुणी माहितीये? पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेली बंगाली कुटुंबं, १९६०च्या दशकात सरकारने तिथे आणून वसवलेली. जंगल तोडून भाताची खाचरं केली, नारळ सुपारी केळी लावली, आणि आज पोर्ट ब्लेअरला जी ताजी भाजी मिळते तिच्यातली बरीच या एवढ्याशा बेटावरून जाते, लोकवस्ती मोजून तीन हजारांच्या आसपास. गावांची नावं बघितलीस ना, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. तो 'हो जाएगा दीदी' वाला पोरगा कदाचित त्या लोकांचा नातू असेल, आणि तो सकाळी शेतात राबून आलाय की बोटीवरून सिलेंडर उतरवून आलाय हे तुला माहीत नाही. तू त्याच्याकडे बघितलंस ते सप्लायरसारखं. (मला पण ही सवय आहे हो, उगाच शहाणपणा नाही करत, मी एकदा कोकणात खानावळीत मावशींना विचारलं होतं किती वेळ लागेल, त्या म्हणाल्या मासा चिरतेय, तुम्हाला घाई असली तर न चिरता देते.)

थाळीचं पण तेच. ५० मिनिटं लागतात कारण तू सांगितल्यावर तो मासा साफ होतो, मसाला वाटला जातो, भात चढतो. शहरात दहा मिनिटांत येतं कारण ते सकाळीच अर्धं शिजवून फ्रीजमध्ये ठेवलेलं असतं. तिथे तेल, साखर, गॅस, पीठ सगळं बोटीने येतं, वाया घालवायला काहीच नसतं, मग गिऱ्हाईक येईल म्हणून कोण दहा थाळ्या करून ठेवेल? उपाय अगदी साधा आहे, तुझ्याच धंद्यातला, आगाऊ ऑर्डर दे. सकाळी जाता जाता थांबून सांग, दादा रात्री तीन थाळी, सात वाजता, मासा कोणता मिळेल? तो सांगेल ते घे. सुरमईच हवी असा हट्ट नको, जे त्या दिवशी जाळ्यात आलं ते खा. मग बघ सातला ताट समोर येतं की नाही.

आता सासऱ्यांविषयी. तू लिहिलंयस 'बाबा मूळचे गुहागरचे, त्यांना समुद्राचं काय कौतुक, तरी रोज पहाटे जातात आणि नऊला येऊन झोपतात.' अगं, तुमच्या तिघांमध्ये त्या बेटावर बरोबर वेळेला जगणारे एकटे तेच आहेत! कोकणातला माणूस घड्याळाआधी पाणी बघतो. आणि ते नऊला येऊन झोपतात त्याला आळस म्हणू नकोस, त्यांचा अर्धा दिवस झालेला असतो, ऊन चढलंय म्हणून ते आत आलेत. तू उद्या एक कर, साडेचारला त्यांनी दार वाजवलं की वैतागून कूस बदलण्याऐवजी चपला घाल आणि त्यांच्या मागे जा. नवऱ्याला उठवू नकोस, त्याला झोपू दे.

सायकल भाड्याने मिळते, घे, बेट बऱ्यापैकी सपाट आहे. बाबांना सायकल झेपत नसली तर रिक्षा आदल्या रात्री सांगून ठेवा. जेटीपासून सीतापूरचा किनारा पाचेक किलोमीटर, तो पूर्वेकडे तोंड करून आहे, सूर्योदय तिकडे. वाटेत दोन्ही बाजूला शेतं, केळी, सुपारी, मधेच एखादं तळं, हातात खराटा घेतलेली बाई अंगण झाडतेय, कोंबड्या, शाळेत जाणारी पोरं, हे सगळं सहा ते आठमध्ये दिसतं, अकराला नाही दिसत. परत येताना बाजारात चहा आणि गरम काहीतरी खा. नऊपर्यंत खोलीवर. मग अंघोळ, आणि साडेदहा ते तीन काहीही करायचं नाही, झाडाखाली पड, वाच, झोप. या वेळात तुला जर 'वेळ वाया जातोय' असं वाटलं तर तू आधीच साडेचार तास हिंडून आलीयस हे लक्षात घे, आपोआप गप्प बसशील. तीनला पुन्हा बाहेर, लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर, तो पश्चिमेकडे, सूर्यास्त तिकडे. जायचं असेल तर चारला तिथे असावं लागतं, सहाला जाऊन फक्त काळोख मिळतो, आणि विषुववृत्ताजवळ असल्याने तो आपल्यासारखा रेंगाळत येत नाही, पटकन पडतो, म्हणून टॉर्च जवळ ठेव. त्या वेळेला वाळूतल्या बारीक माश्या चावतात, सँडफ्लाय म्हणतात त्यांना, पायाला काहीतरी चोपडून जा नाहीतर आठवडाभर खाजवशील आणि त्याचंही खापर बेटावर.

आता भरती-ओहोटी, कारण तिथली खरी वेळ ती ठरवते आणि तुझ्या पत्रात तिचा एका शब्दानेही उल्लेख नाही. तू लिहिलंयस की 'भरतपूरला पोहायला गेलो तर पाणीच गुडघ्याएवढं आणि खाली सगळे दगड, फसवणूक आहे.' ते दगड म्हणजे प्रवाळ, आणि तू ओहोटीला गेलीस. पोहायचं असेल तर भरतीला जायचं. ओहोटीला जायचं ते लक्ष्मणपूर दोन नंबरला, जिथे तो खडकाचा नैसर्गिक पूल आहे, लोक त्याला हावडा ब्रिज पण म्हणतात, वसाहत बंगाल्यांची ना. पाणी मागे सरलं की खडकांत छोटी छोटी डबकी राहतात, त्यात तारामासे, खेकडे, समुद्रकाकड्या, एवढुसे निळे मासे. एक डबकं घे आणि त्याच्यासमोर अर्धा तास उकिडवी बस. सुरुवातीला काही दिसत नाही, मग दगड वाटलेलं काहीतरी हलतं. पायात जुने सँडल हवेत, प्रवाळावर पाय द्यायचा नाही, आणि शंख-प्रवाळ काहीही उचलून पिशवीत टाकायचं नाही, प्रवाळ वन्यजीव कायद्याखाली येतं, विमानतळावर सामान तपासताना सापडलं तर सुट्टीची सगळी मजा तिथेच संपेल.

मी स्वतः गेले होते तेव्हा हा पूल हुकवला. आमचा ग्रुप, म्हणजे तुला माहितीये आपली मराठी मंडळी अंदमानला कशी जातात, आधी सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, डोळे पुसून झाले की मग दोन बोटींच्या मधे नील 'उरकायचं'. आम्ही नाश्ता करून, फोटो काढून, कुणाची तरी टोपी शोधून सव्वाअकराला तिथे पोचलो तर पाणी चढलेलं, गाइड म्हणाला अब कल आना. उद्या सकाळी आमची बोट. मी त्याच्याशी चक्क वाद घातला होता, की आम्ही पैसे दिलेत. समुद्राने पैसे घेतले नव्हते हे मला नंतर बोटीत बसल्यावर सुचलं. तेव्हा तू तशी नशीबवान, तुझ्याकडे चार दिवस आहेत, आज हुकलं तर उद्या पाऊण तासाने उशिरा तेच पाणी पुन्हा उतरणार आहे.

हा पाऊण तास तुझ्या सासऱ्यांना विचार. कोकणात जुनी माणसं तिथीवरून भरती काढतात, तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असली तर आठ गुणिले पाऊण सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पाऊणकी पाठ असलेली ती पिढी, बोटं न मोजता सांगतात. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो म्हणून हे जमतं. अर्थात गुहागरचं उत्तर नीलला जसंच्या तसं लागू पडणार नाही, तिथला समुद्र वेगळा, पण रोज किती सरकतं तो हिशोब तोच. एक दिवस कोळ्याला विचारून ओहोटीची वेळ घ्यायची, पुढच्या चार दिवसांची बाबा काढून देतील. तुला एक्सेलशिवाय करमत नाही ना, हे घे, हे शीट बाबांबरोबर बसून कर.

नवऱ्याबद्दल मात्र मी तुझ्या बाजूने आहे. तो झोपाळ्यावर पडून 'चिल कर' म्हणू शकतो कारण विमान, बोट, रिसॉर्ट, बाबांची बीपीची गोळी, लेकीचा डबा आणि क्लासची ने-आण हे सगळं तू महिनाभर आधी लावून आलीयस, तू लिहिलंयस पण तसं, एका ओळीत, जाता जाता. ज्याच्या डोक्यात यादी नाही त्याला बेट लगेच मानवतं. त्याच्याशी भांडू नकोस, दोन कामं त्याच्या गळ्यात घाल आणि मग त्याबद्दल विचारायचंसुद्धा नाही, एक परतीच्या बोटीचं आणि दुसरं बाबांच्या गोळ्यांचं. तो विसरला तर? गोळ्या बाबा स्वतः सांगतील, त्यांना कळतं. बोटीचं विसरला तर फजिती त्याची होऊ दे, पण एवढं बघ की परतीची बोट आणि विमान एकाच दिवशी नाहीत ना, कारण हवा बिघडली की बोटी रद्द होतात आणि मग कुणाच्याही ओळखीचा उपयोग नसतो. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच हवी, आता त्याला श्री विजयपुरम म्हणायचं. हे तपासून घे आणि मग सोड.

लेकीचं वेगळं आहे. ती काळजी खरी आहे, ती बेटाच्या खात्यात टाकू नकोस. दिवसभर मोबाइल वर धरून खांब शोधत फिरण्यापेक्षा एक वेळ ठरव, रात्री साडेसात, रिसॉर्टच्या ऑफिसात जिथे वायफाय किंवा फोन धड चालतो तिथून. आजीला आणि लेकीला तसं सांगून ठेव, आणि काही तातडीचं असलं तर रिसॉर्टचा नंबर त्यांच्याकडे असू दे. अंदमानला चेन्नईहून समुद्राखालून केबल आली ती २०२० साली, त्याआधी तर पोर्ट ब्लेअरलासुद्धा इंटरनेट म्हणजे नवस होता, तेव्हा छोट्या बेटावर तुझा मेल निघाला हेच खूप झालं. ऑफिसचे मेल मात्र उघडू नकोस. तुझ्याशिवाय चाकणला माल येतोय. मला माहितीये हे ऐकायला तुला आवडणार नाही.

आणि संध्याकाळी करायचं काय, हा प्रश्न राहिला. पाचला अंधार म्हणजे सात वाजता रात्र झालेली असते गं, जेवायचं, लेकीशी बोलायचं, किनाऱ्यावर दिव्यांपासून जरा लांब जाऊन तारे बघायचे आणि नऊला झोपायचं. तू साडेचारला उठलेली असलीस तर नऊपर्यंत डोळे उघडे ठेवणं हेच काम होऊन बसेल. पहिल्या दिवशी चिडचिड होईल, पाचव्या दिवशी पण थोडी होईल, होऊ दे, तुला काही तिथे साधू बनून यायचं नाहीये. एखाद्या दुपारी अगदीच असह्य झालं तर बाजारात जाऊन भाजीचे भाव विचार, परचेसवालीला त्याच्याएवढं औषध नाही.

हे उत्तर तुला मिळेपर्यंत तुझा तिसरा दिवस उजाडलेला असेल, कदाचित मावळलेलाही. बाबांना विचार पाऊणकी अजून येते का, आणि त्यांनी उद्याची ओहोटी किती वाजता धरली आणि खरी किती वाजता आली ते मला कळव. एकदाच पाठव.